तळ्याकाठची लुटुपुटीची लढाई

बाप गेल्यावर डोंगराकडच्या कुरणावरून लॉर्कन आणि फिंटन या भावांचं जे फाटलं ते फाटलंच. गाव एक, पण बोलणं नाही. एक पबमध्ये शिरला की दुसरा ग्लास अर्धा टाकून उठायचा. आईच्या दफनालाही दोघं शवपेटीच्या दोन बाजूंना उभे राहिले.

गाठ पडायची ती वनउद्यानातल्या जत्रेत. दर उन्हाळ्यात तिथे केल्ट आणि व्हायकिंग पूर्वजांचा उत्सव भरायचा, तळ्याकाठी लुटुपुटीची लढाई व्हायची. थोरला लॉर्कन केल्टांकडून, फिंटन व्हायकिंगांकडून. जत्रा भरवणाऱ्या डिम्प्नाबाई दरवर्षी दोघांना समोरासमोर उभं करीत. बाई मुद्दाम खोडी काढते, असं लॉर्कनला वाटे.

त्या साली आभाळ पार झाडांच्या शेंड्यांवर उतरलं होतं. व्हायकिंग नावेतून उतरले, तेव्हा लॉर्कनने भावाला ओळखलंच नाही. गळ्याची हाडं वर आलेली, ढाल दोन्ही हातांनी पेललेली. फिंटनची तब्येत बरी नाही, अशी गावात कुजबुज होती. ती त्याने कानाआड केली होती.

लॉर्कनची लाकडी तलवार फिंटनच्या ढालीला नुसती टेकली.

"नीट मार की," फिंटन हळूच म्हणाला. "लोक बघतायत."

इतक्या वर्षांत भाऊ पहिल्यांदा त्याच्याशी बोलला होता.

"काय झालंय तुला?"

"फुप्फुसात गाठ आहे. आता काही होण्यासारखं नाही. मार लवकर, मला पडू दे. उभं राहवत नाही रे."

लॉर्कनने मारलं. फिंटन चिखलात कोसळला. केल्टांनी आरोळ्या ठोकत पुढे धावायचं, असं ठरलेलं होतं. लॉर्कन धावला नाही. तलवार टाकून तो खाली बसला आणि भावाचं डोकं त्याने मांडीवर घेतलं. लोकांना तो खेळाचाच भाग वाटला. टाळ्या पडल्या.

पुढे तो रोज फिंटनकडे जाई, सूप भरवी, उशी सारखी करी. कुरणाचा विषय दोघांनीही काढला नाही. पानगळ सरायच्या आत फिंटन गेला.

दफनानंतर लॉर्कन डिम्प्नाबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला. आभार मानायचे होते.

"तुमची जत्रा नसती," तो कसाबसा म्हणाला, "तर तो इतका आजारी आहे हेसुद्धा मला त्याच्या मयतीलाच कळलं असतं."

बाईंनी त्याला आत बोलावून चहा दिला. पुढच्या वर्षी येशील ना, असं विचारलं.

"लढायला नको," लॉर्कन म्हणाला. "व्हायकिंगांची नाव ओढायला माणूस लागला तर सांगा."