धाकट्याची जागा

करखात्याच्या परतावा शाखेत सगळे त्याला धाकटा म्हणत. कंत्राटावर लागला तेव्हा तो सर्वांत लहान होता. त्यानंतर शाखेत नवीन माणूस आलाच नाही, म्हणून कानशिलं पांढरी झाली तरी तो धाकटाच राहिला.

करदात्यांनी जास्तीचा भरलेला कर तपासून परत करायचा, हे शाखेचं काम. तिथे एक कायम जागा रिकामी होती. ती यंदाच्या भरतीत निघाली तर धाकटा परीक्षेला बसू शकणार होता. कंत्राटी लोकांना वयात मिळणारी सवलत त्याच्यापुरती यंदाच संपत होती. पुढच्या वर्षी त्याचा अर्जही कुणी घेतला नसता.

जागा किती काढायच्या ते मुख्यालयातला नियोजन विभाग ठरवी. वर्षअखेरीला जितकी प्रकरणं पडून, त्या मानाने माणसं. त्यामुळे वर्ष सरताना मुरलेल्या शाखा प्रकरणं उरकताना हात आखडता घेत. अधीक्षक ताईंना हे ठाऊक होतं. पण नवे आयुक्त पाहणीला येणार होते. ताईंनी सगळ्यांना कामाला जुंपलं, सुट्टीच्या दिवशीही बोलावलं. सर्वांत जास्त प्रकरणं धाकट्यानेच उरकली. कपाटं रिकामी झाली. आयुक्त आले, चहा प्यायले, पाठ थोपटून गेले.

मग मनुष्यबळाचा आराखडा आला. शाखेची रिकामी जागा रद्द झाली होती.

ताईंनी मुख्यालयात फोन लावला.

"तुमच्याकडे पडून काहीच नाही," नियोजनचे साहेब म्हणाले. "माणूस कशाला हवा?"

"सुट्ट्या सोडून काम केलंय, साहेब."

"म्हणजे आहे त्या माणसांत होतं."

"एकदा होतं. दर वर्षी कसं होईल?"

"मला कळतं हो, ताई. पण माझ्या हिशोबात राबलेलं दिसत नाही, राहिलेलं दिसतं. थोडं ठेवायचं होतं शिल्लक. एवढी वर्षं खात्यात काढलीत तुम्ही."

"आता काही करता येईल?"

"जाहिरात छापायला गेली. हवं तर तुमच्या त्या कंत्राटी माणसाची मुदत वाढवून देतो."

ताईंनी फोन ठेवला. शेजारच्या टेबलावरचे भाऊ, शाखेतले सर्वांत जुने कारकून, चष्मा पुसत वाट बघत होते.

"काय म्हणतात?"

"कंत्राट वाढवतील."

"वा. नातवंडं झाली तरी धाकटाच." भाऊंना स्वतःलाही हसू आलं नाही.

ताईंनी धाकट्याला बोलावून समोर बसवलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. जागा गेली. काम संपवलं म्हणून गेली. संपवायला मीच लावलं.

तो टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

"घरी सांगायला हवं," तो म्हणाला. "बायको रोज उजळणी घेत होती माझी. पोळ्या लाटता लाटता."

तिथूनच त्याने फोन लावला.

"मीच. नाही गं, नाही निघाली जागा... कुणाची चूक नाही. काम संपलं म्हणून... हसतेस काय, खरंच सांगतोय... हो. येतो वेळेवर."

'कुणाची चूक नाही' म्हणताना त्याने ताईंकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी सहाला, कचेरी सुटायच्या वेळेला, तो उठला. एवढ्या वर्षांत असा कधी उठला नव्हता.

"ताई, येऊ?"

"ये."

दुसऱ्या दिवशीही तो सहाला गेला, मग रोजच. दिवसभराच्या कामात कसूर नव्हती. फक्त घड्याळाकडे बघून निघायचा. हळूहळू बाकीचेही त्याच्याबरोबर जिना उतरू लागले. कपाटाचा खालचा कप्पा भरला, मग मधला. परतावा का मिळाला नाही म्हणून लोकांचे फोन येत, आणि ताई सगळ्यांना थोडं थांबा म्हणत.

"या चालीने पुढच्या भरतीत जागा निघेल आपली," एकदा भाऊ म्हणाले.

"निघेल. येईल कुणीतरी पोरगं."

"आणि त्याला शिकवणार कोण?"

"धाकटा आहेच," ताई म्हणाल्या. "निघा आता तुम्हीही. सहा वाजून गेले."