चालती गाडी

माझ्या नवऱ्यानं, ड्वाइटनं, एक चालती गाडी खोलली. वाईट हेतूनं नाही, प्रेमानं खोलली, म्हणूनच मला त्याच्यावर धड चिडता येत नाही. तरी मी चिडतेच.

गाडी त्याच्या थोरल्या भावाची, ऑरिनची. एकोणसत्तर सालची जीटीओ. दोन दारांची, गडद हिरवी, आणि बॉनेटखाली इतकं दांडगं इंजिन की गल्लीच्या तोंडाशी आली तरी आमच्या कपाटातल्या बशा वाजायच्या. ऑरिन तेव्हा मोटारींच्या कारखान्यात होता आणि लग्नाआधीची सगळी कमाई त्यानं तिच्यात घातली होती. पुढे त्याची बायको गेली. तो इथेच, ओवोसो गावात, एका छोट्या घरात राहायला गेला. तिथे गॅरेज नव्हतं, म्हणून त्यानं किल्ली ड्वाइटच्या हातात ठेवली. तेव्हापासून ती आमच्याकडे.

ड्वाइटनं तिची हेळसांड केली असं मी म्हणणार नाही, पण लक्षही दिलं नाही. मिशिगनच्या हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर टाकतात ते मीठ लोखंडाला काय करतं ते इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. तळाचा पत्रा एवढा कुजला की पायाशी खालचा रस्ता दिसे. चालकाचं दार फक्त बाहेरून उघडे. धूर तर असा सोडी की शेजारची विल्मा खिडक्या लावून घेई. पण किल्ली फिरवली की सुरू व्हायची. दर वेळी व्हायची.

मग एका मार्चमध्ये ऑरिन आला. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला, चेरी पायचा तुकडा संपवला आणि म्हणाला, "डॉक्टर म्हणतो, डोळे चालले."

"म्हणजे?" ड्वाइटनं विचारलं.

"मधलं दिसेनासं होतं म्हणे, कडेकडेचं दिसत राहतं. म्हणजे या मार्लिसचे कान दिसतील, तोंड दिसणार नाही."

"सुटलास," मी म्हणाले. हसलो आम्ही तिघंही. काय करणार दुसरं?

"अजून दिसतंय बऱ्यापैकी," ऑरिन म्हणाला. "लायसन्स आहे तोवर एकदा चालवावी म्हणतो. लांब नाही. नदीच्या रस्त्यानं, पुलापर्यंत आणि परत. किल्ली दे."

ड्वाइटचा चेहरा मला आठवतो. कुणी न सांगता पाहुणा आला आणि घर पसाऱ्यानं भरलेलं असलं की बाईमाणसाचा होतो, तसा झाला होता.

"ही अशी?" तो म्हणाला. "अरे, तळाला भोक आहे. लोक हसतील. ऑक्टोबरपर्यंत थांब, ऑरिन. तू शोरूममधून आणलीस ना, तशी करून देतो तुला. अगदी नवी."

"नवी एकदा घेतलीये मी."

"थांब रे. माझं ऐक."

ऑरिन थांबला. जन्मभर त्यानं धाकट्याचे लाड केले होते, हाही एक केला. त्याच आठवड्यात ड्वाइटनं इंजिन बाहेर काढलं.

त्यानंतर माझं घर घर राहिलं नाही. मडगार्ड पाहुण्यांच्या पलंगावर. एक दार माझ्या शिवणाच्या खोलीत. कार्बोरेटर साफ करायला माझ्या जॅमच्या पातेल्यात उकळला, आणि वर "मार्लिस, तू नाहीतरी यंदा जॅम करणार नव्हतीस" हे ऐकवलं. नट-बोल्ट माझ्या केकच्या साच्यांत. मी सुरुवातीला भांडले, मग हात टेकले. माणूस निवृत्त झाल्यावर दिवसभर टीव्हीसमोर लोळण्यापेक्षा हे बरं, अशी मनाची समजूत घातली. आणि तो राबत होता खरा. कुजलेला पत्रा कापून नवा जोडला, खालचा सांगाडा खरवडून काढला. सप्टेंबरात गाडी पुन्हा गाडीसारखी दिसू लागली.

तिथेच थांबला असता तर मी ही गोष्ट सांगत बसले नसते. पण या जुन्या गाड्यांच्या लोकांना एक खूळ असतं. नुसती चालून भागत नाही. प्रत्येक भाग त्या गाडीच्या वेळचाच हवा, त्यावरची तारीखसुद्धा जुळली पाहिजे. बॅटरी भरणारा अल्टरनेटर गावातल्या दुकानात मिळत होता, पेटीतला, कोरा करकरीत. ड्वाइटला तो चालेना. तारीख जुळणारा अल्टरनेटर नेब्रास्कातल्या कुठल्याशा म्हाताऱ्याकडे होता, आणि म्हाताऱ्याचं आज देतो, उद्या देतो चाललं होतं. ऑक्टोबर गेला. बर्फ पडलं.

"झाली का रे?" ऑरिन फोनवर विचारायचा.

"थोडंसंच राहिलंय."

"दुकानातला लाव की. मला काय कळणार?"

"मला कळेल ना!"

हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गाडी कुणासाठी करतोयस?" मी विचारलं. तो गॅरेजमध्ये निघून गेला.

जानेवारीत ऑरिनची मुलगी जोलीन त्याला घेऊन आली. तोवर तो वर्तमानपत्र भिंगातून वाचायला लागला होता. ड्वाइटनं त्याला गॅरेजमध्ये नेलं आणि मागच्या आसाकडे बोट दाखवून विचारलं, "इथे कारखान्यातले तपासनीस पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचे. डावीकडे की उजवीकडे? तीन आठवडे शोधतोय, फोटोंत दोन्हीकडे दिसतो."

"तो ठिपका द्यायला दोन वर्षं मीच होतो," ऑरिन म्हणाला. "एका हातात ब्रश, दुसऱ्यात सँडविच. जिकडे हात पोचेल तिकडे."

मी पोट धरून हसले. ड्वाइट नाही हसला. त्यानं डावीकडे दिला, मग पुसून उजवीकडे दिला.

फेब्रुवारीत ऑरिननं स्वतःच्याच फाटकावर पिकअप घातली. कुणाला लागलं नाही. पण त्याला फाटक दिसलंच नव्हतं, अगदी मधोमध असूनही. त्यानं आपणहून किल्ल्या जोलीनला दिल्या आणि लायसन्स परत करून आला. आम्हाला हे जोलीननं सांगितलं. ड्वाइट त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी गावातल्या दुकानातून अल्टरनेटर आणून त्यानं तासाभरात बसवला.

उरलेली बारीकसारीक कामं उरकून एप्रिलमध्ये गाडी पुरी झाली. खोटं कशाला बोलू, देखणी झाली होती. ऑरिन आला तेव्हा ड्वाइटनं गॅरेजचं दार वर केलं आणि बाजूला उभा राहिला. ऑरिन मान तिरकी करून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होता. मग तो जवळ गेला आणि तळहातानं चाचपत दारापर्यंत पोचला.

"गुळगुळीत केलीस रे," तो म्हणाला.

ड्वाइटनं त्याला चालकाच्या जागेवर बसवलं, स्वतः शेजारी बसला. इंजिन पहिल्या झटक्याला लागलं. मी उंबऱ्यापाशी कॉफीचे मग घेऊन उभी होते, काचा खाली होत्या, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"समोर काय आहे?" ऑरिननं विचारलं.

"आमचं अंगण. विल्माची सायकल."

"ते नको. रस्ता सांग."

मग ड्वाइट सांगायला लागला. "गिरणी आली. डाव्या हाताला. आता चर्च. हळू घे, वळण आहे." ऑरिननं खरंच स्टीअरिंग वळवलं. जागच्या जागी सिमेंटवर नवे टायर करकरले. एरवी त्या टायरांना मी झाडू लागू दिला तरी ड्वाइट ओरडायचा. "आता नदी दिसायला लागली," तो म्हणाला. "पाणी भरपूर आहे. पूल..." आणि पुढचं त्याला सांगवेना.

ऑरिननं हात स्टीअरिंगवरून काढले नाहीत.

"त्या दिवशी चालत होती, ड्वाइट," तो म्हणाला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच म्हणाला, आणि रागानं नाही.

"तशी द्यायला लाज वाटली मला. तू माझ्या हवाली केली होतीस, आणि मी तिचं काय करून ठेवलं होतं..."

"अरे, माझीच गाडी ना ती? माझ्यापुढे कसली लाज?"

कॉफी माझ्या हातात निवत होती आणि मला ती नेऊन द्यायचा धीर होईना.

"चल, बंद कर," ऑरिन म्हणाला. "उगाच पेट्रोल जळतंय."

ड्वाइटनं हात उचलला, पण तो किल्लीपर्यंत गेलाच नाही. शेवटी ऑरिननंच चाचपून ती बंद केली.