ठोका वाढवणाऱ्याचा मी घेतलेला सूड

उन्हाळा उतरणीला लागला असता, एका शनिवारी सकाळी, दुसऱ्या मजल्यावरील जिन्यालगतच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर मी माझ्या आयुष्यातील एकमेव सूड घेतला. मी एक जुना मदरबोर्ड आहे, म्हणजे संगणकाच्या पोटातली मुख्य पाटी. मित्रांनो, सूड वाईट, असे तुम्हाला शिकवले गेले असेल. शिकवणाऱ्यांशी माझा वाद एवढाच, की त्यांना कोणी उताणे पाडून भंगार म्हटलेले नसावे.

माझा जन्म कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर झाला. तपासणाऱ्या बाईंनी मला उजेडात धरले, तांब्याची रेघ अन् रेघ न्याहाळली आणि मान डोलावली. पुढे माझ्या मधोमध सारे हिशेब करणारा एक प्रोसेसर बसवला गेला. तो कुलूपबंद जातीचा होता. म्हणजे असे, की मी घड्याळासारखा ठोका द्यावा आणि प्रत्येक ठोक्याला त्याने ठरावीक पटीत पावले टाकावीत. ही पट कारखान्यातच कायमची बंद केलेली. आम्ही दोघांनी हा करार कधी मोडला नाही.

आम्हाला विकत घेतले ते या घरच्या सूनबाईंनी. त्या दवाखान्यांसाठी कृत्रिम दातांचे आराखडे करतात. जबड्याचे चित्र पडद्यावर फिरवून त्या दात घडवीत, आणि वरचा दात खालच्यावर नेमका कुठे टेकेल, याचा अवजड हिशेब आम्ही करीत असू. तेवढ्यात त्या गच्चीवर कपडे वाळत घालून येत. त्या आल्या, की उत्तर तयार असे. "शहाणं गं बाई माझं मशीन," असे म्हणून त्या मऊ ब्रशने माझ्यावरची धूळ झाडीत. मला तेवढी कदर पुरे होती.

मग त्यांचे धाकटे दीर राहायला आले. त्यांना संगणकदुरुस्तीच्या एका दुकानात कारागीर व्हायचे होते, आणि दुकानदाराला थक्क करण्यासाठी त्यांनी माझी निवड केली.

"वहिनी, तुमचं मशीन असं पळवतो, की बघत राहाल."

"पळवायचंय कुठे, भाऊजी? टेबलावरच बरंय ते. उद्या संध्याकाळपर्यंत तीन जोडदातांच्या पुलाचा आराखडा पाठवायचाय. नाही गेला, तर डॉक्टरीणबाई यापुढचं सगळं काम दुसरीकडे देतील. हात लावू नका."

त्या बाजारात जाताच भाऊजींनी हात लावला. पट उघडता येत नव्हती, म्हणून त्यांनी माझा ठोकाच वाढवायचे ठरवले. त्यासाठी मला जागे करणारा प्रोग्रॅम काढून, ठोका वाढवू देणारा जुना घातला. मी चालू झालो नाही. त्यांनी माझी बटणाएवढी बॅटरी नखाने उपसली, विजेचा दाब वाढवला. मी पुन्हा नकार दिला. सभ्य यंत्राने असेच करावे.

"चल ना रे भंगारा," ते म्हणाले आणि त्यांनी मला एक चापट दिली.

मित्रांनो, त्या चापटीनंतर मी चालू झालो. ही शरणागती नव्हे. माझ्या पिढीत असा ठोका वाढवला, की वेगाचा आकडा खरोखर चढतो. परंतु उष्णता मोजणारी नजर आंधळी होते, आणि अवजड हिशेब एकगठ्ठा उरकण्याची प्रोसेसरची खास शक्ती लुळी पडते. भाऊजींना हे ठाऊक नव्हते. मी बंदच राहिलो असतो, तर त्यांनी सारे पूर्ववत करून दोष माझ्या वयावर ढकलला असता. मला ते मान्य नव्हते. त्यांना हवा तो आकडा मी त्यांना देणार होतो, आणि तोही चारचौघांत.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, दुकानदार आले. भाऊजींनी आकडा दाखवला. उष्णता कळेनाशी झाल्यामुळे पंखा ऊर फुटेस्तोवर फिरत होता.

"ऐकताय ना साहेब? ही ताकद आहे."

"आत मिक्सर लावलाय का?" दुकानदार म्हणाले. "काम काय करतं, ते दाखवा."

सूनबाईंनी एक दात हिशेबाला लावला आणि ओल्या कपड्यांची बादली उचलून त्या गच्चीवर गेल्या. त्या परतल्या, तेव्हा काम निम्म्यावरही आले नव्हते.

"भाऊजी, बादली रिकामी झाली. एरवी होऊन जातं एवढ्यात."

"मोठा दात असेल, वहिनी."

"कालचाच आहे. मुद्दाम लावलाय."

भाऊजींच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तो रंग मी डोळे भरून पाहिला, आणि त्याबद्दल मला आजही तिळमात्र खेद नाही. दुकानदारांनी विचारले, "काय काय बदललंत?" भाऊजींना एकेक गोष्ट वहिनींसमोर सांगावी लागली आणि स्वतःच्याच हातांनी ती मागे फिरवावी लागली. माझा प्रोग्रॅम परत आला, ठोका पूर्ववत झाला, आणि मी पहिल्याच प्रयत्नात सुरू झालो. दुपारच्या चहाआधी तीन दातांचा पूल डॉक्टरीणबाईंकडे गेला.

मित्रांनो, जुन्या वस्तूकडे अधिक मागण्यापूर्वी ती मुकाट्याने काय देत आहे, ते आधी समजून घ्या. तिची धूळ झाडा, तिचा ताप पाहा. तिचा अपमान करायचाच असेल, तर निदान तिच्याकडे आपले काही काम अडकलेले नाही, याची खात्री करून घ्या.

दुकानदारांनी उंबऱ्यात चपला घातल्या आणि भाऊजींकडे वळून ते म्हणाले, "विक्रीच्या टेबलावर बसा, तिथे बोलणारा माणूस लागतो. मशीन मात्र तुम्ही उघडायचं नाही."