उपडी ठेवलेली ताटली

मित्रांनो, पुसदच्या एका कॉलेजात काचेचे कपाट आहे. त्यात एक ताटली उपडी ठेवलेली दिसते. ती जुनी, कडेला ओरखडा पडलेली ताटली म्हणजे मी. प्रयोगशाळेत मला पेट्री डिश म्हणतात. माझ्यात कधी कोणी वरणभात वाढला नाही. माझ्यात वाढत ते जिवाणू, डोळ्यांना न दिसणारे जीव.

मी खालची ताटली आणि वर माझे झाकण, अशी आमची जोडी एकाच भट्टीत घडली. आम्हाला वाफेत तापवून निर्जंतुक करत. मग समुद्री शेवाळापासून केलेले गरम अगार माझ्यात ओतत. निवले की ते खरवसासारखे घट्ट बसे. त्यावर जिवाणू ठिपक्यांच्या वसाहती करून राहत. मुले मला उजेडात धरून पाहत, तेव्हा मला फार मोठे झाल्यासारखे वाटे. काय दिवस होते ते!

एका हिवाळ्यात वर्षा आली. जवळच्या बंजारा तांड्यावरची, सेवादास यांची मुलगी; आईला ती याडी म्हणे. वडिलांच्या शेतातल्या तुरीच्या मुळांना गाठी असतात. त्या गाठींत राहून पिकाला हवेतला नत्र पुरवणारे जिवाणू तिने ताटल्यांत वाढवले होते. तूर कापून झाली होती. आता ताज्या गाठी मिळणार त्या पुढच्या हंगामातच. हे जिवाणू गेले तर तिचे अख्खे वर्ष वाया जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होते.

एके दिवशी वर्षाला तांड्याची बस गाठायची होती. तिने आम्हाला जिवाणू वाढवायच्या ऊबपेटीतून काढले आणि तसेच फ्रिजमध्ये ठेवले, ऊबदार आणि सरळ. झाकणाला गारवा लागला, अगारमधली वाफ त्याला आतून चिकटली आणि तिचे थेंब झाले. शेजारच्या ताटल्यांत ते टपटप पडले. वेगवेगळ्या वसाहती पाण्यावर पसरून एकमेकींत मिसळल्या. माझ्यात मधोमध एकच शुभ्र वसाहत होती, आणि नेमका तिच्यावर एक टपोरा थेंब लोंबत होता.

सकाळी फ्रिज उघडताच वर्षाचा चेहरा उतरला. तिचा वर्गमित्र कपिल म्हणाला, "वर्षे, तुह्या जिवाणूयले तं रस्सा सुटला."

ती हसली नाही. प्रयोगशाळेत शिकवणाऱ्या ममता मॅडम आल्या. त्यांनी मला अलगद, जराही न कलंडवता बाहेर काढले आणि वर्षाला विचारले, "तुझी याडी तव्यावरची भाकर तशीच डब्यात भरते काय?"

"नाही मॅडम. आधी टोपल्यात निवू देते. नाही तं डब्याले पाणी सुटते."

"मंग यायले कायले गरमच कोंबलं? आन् सरळ काहून ठेवलं?"

वर्षा खाली मान घालून म्हणाली, "भरलं ताट कोनी उपडं घालते काय मॅडम? घरी याडी रागावते."

मॅडमना हसू आले. घरचे ताट सरळच ठेव, पण अगार घट्ट असते, ते सांडत नाही, असे त्यांनी समजावले. उपडी ठेवली की पाणी सुटले तरी खाली झाकणात राहते, जिवाणूंवर पडत नाही. मग दिव्याच्या ज्योतीजवळ त्यांनी झटकन माझे ओले झाकण काढले. थेंब थरथरला, पण पडला नाही. कोरडे, निर्जंतुक झाकण माझ्यावर बसले. वर्षाने श्वास रोखून मला उपडी केले. ती वसाहत जागची हलली नाही.

माझे जन्माचे झाकण मात्र त्या दिवशी माझ्यापासून दुरावले. पुढे ते धुताना फुटले म्हणतात.

त्या एका वसाहतीपासून वर्षाने नव्या ताटल्या भरल्या. ऊबपेटीतून काढल्यावर त्या तिने आधी खोलीत निवू दिल्या, मग उपड्या करून, पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या. पुढच्या हंगामात सेवादासांनी तेच जिवाणू तुरीच्या बियाण्याला चोळले.

आता प्लास्टिकच्या ताटल्या येतात, एकदा वापरून जातात. मला कोणी भरत नाही. वर्षा मात्र आता इथेच शिकवते. मुलांना माझी गोष्ट सांगते, मला पुसते, आणि मी रिकामी असूनही मला उपडीच ठेवते. मित्रांनो, जे जपायचे आहे ते ठेवताना घाई करू नका. आधी त्याला निवू द्या.