भिंतीवरचे दोन डावे हात

गणपतीच्या मागची भिंत दरवर्षी पुसायची असते. आमच्या वालावल गावात हे कुणाला सांगावं लागत नसे. श्रावणात भिंतीवर चुना चढायचा, गेल्या वर्षीचं चित्र त्याच्याखाली जायचं आणि चतुर्थीच्या आत तिथे नवं चित्र उभं राहायचं. वाडीतल्या वीसेक घरांच्या भिंती माझा मोठा भाऊ गंगाराम रंगवायचा. त्याचे रंग मी कालवायची. तांबड्याला काव, काळ्याला दिव्याची काजळी, निळ्याला कपड्यांची नीळ, आणि सगळ्यांत थोडा डिंक. लग्न होऊन मालवणला गेले तरी श्रावणात पंधरा दिवस माहेरी यायचे. कडेची वेलबुट्टी माझी, मधला देव दादाचा.

दादाला जाऊन बारा वर्षं झाली. यंदा श्रावणात त्याच्या मुलाचा, दीपेशचा फोन आला.

"आते, सोमवारी येशीत? भिंतीचा काम आसा."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू. सुतकाच्या वर्षी भिंतीला कुणी हात लावला नव्हता, ते बरोबरच होतं. पण पुढेही 'पुढल्या वर्षी बघूया' असं करत त्याने ती तशीच ठेवली. माझे गुडघे गेल्यापासून मीही चार वर्षं माहेरी फिरकले नव्हते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई मी, यंदाची भिंत बहुतेक माझी शेवटची. कुंचले तेल लावून कापडात गुंडाळले आणि रिक्षा करून निघाले.

घर ओळखू येईना. दारात इंग्रजी पाटी. गोठ्याच्या जागी पाहुण्यांच्या दोन खोल्या, तिसरीचं काम चालू. माजघरात गेले तर दादाचं बारा वर्षांपूर्वीचं चित्र तसंच, त्याच्यावर वरून दिवे सोडलेले, आणि खाली दगडावर कोरल्यासारखी एक पाटी. भिंतीएवढी एक काच बाजूला टेकवून ठेवली होती.

"ही काच कसली रे?"

"चित्रार बसवलेली. आज फोटोत चमकता म्हणान काढलंय." दीपेश खुशीत होता. "पुण्याहून पावणे इले आसत, आठ जाण. कलेचा शिकतत. तू फक्त बाबाच्या कामाबद्दल बोलायचा. प्रेरणा खंयसून मिळाली, असा काय ता."

"आणि गणपती खंय बसता?"

त्याची बायको अनुजा चहा घेऊन आली होती. तिने खाली बघत सांगितलं, "पडवीत, आते. मागे छापील पडदो लावतो."

मी चहाला हात लावला नाही. गणपतीची भिंत पाहुण्यांना, आणि गणपती पडवीत!

आता त्या चित्राबद्दल सांगते. बासरीवाला कृष्ण आहे. दादा स्वतःच्या घरची भिंत नेहमी शेवटी घ्यायचा. त्या वर्षी तो तापात होता, चतुर्थी दुसऱ्या दिवसावर आलेली. त्या गडबडीत त्याने कृष्णाला दोन्ही हात डावेच काढले. दोन्ही अंगठे एकाच बाजूला. मी वेल काढता काढता बघितलं आणि हसून हसून माझा रंग सांडला. दादा कपाळावर हात मारून बसला. मग म्हणाला, "रवांदे गो. वरसाचोच देव हा, चलवून घेयत. पुढल्या वरसाक सगळ्यात आधी हे हात पुसतलंय." त्याला फार लागलं होतं ते. पन्नास वर्षं भिंती रंगवलेला माणूस, शेजारीपाजारी बघून जात होते आणि हा त्यांच्यासमोर उभाच राहत नव्हता. फाल्गुनात तो गेला.

मी खालची पाटी वाचली. चष्मा पुसून परत वाचली. त्यात लिहिलं होतं की, लोककलाकार गंगाराम यांनी वालावलच्या तलावातल्या चंद्रबिंबापासून प्रेरणा घेऊन हे चित्र काढलं आणि दोन्ही हात डावे दाखवून 'देव हृदयाच्या बाजूने वाजवतो' हा गूढ विचार मांडला.

"ह्या कोणी लिवला?"

"मीच," दीपेश म्हणाला. "बरा वाटता मा?"

"बापाची चूक दगडार कोरून ठेवलंस?"

"आते, हळू. लोकांका आवडता ता. सगळे आधी हातच बघतत."

"तेच सांगतंय मी! बारा वरसां सगळे आधी हातच बघतत!"

तेवढ्यात पाहुणे आले. चांगली माणसं होती, माझा राग त्यांच्यावर नव्हता. खुर्च्यांवर बसली. दीपेशची भाषा लगेच बदलली. "या आमच्या आत्या, या कलेच्या शेवटच्या जाणकार," असं शुद्ध मराठीत सांगून त्याने मला भिंतीजवळ बसवलं. एका बाईने मोबाइल माझ्याकडे धरून विचारलं, "आजी, तुमच्या बंधूंची प्रेरणा काय होती?"

मी जे खरं तेच सांगितलं. दादा घरात शिरला की आधी म्हाताऱ्या माणसाजवळ बसायचा. यंदा घरात काय काय झालं ते विचारायचा. गाय व्याली असेल तर देवाच्या पायाशी वासरू यायचं. शिवा मेस्त्र्याने नवी विहीर खणली त्या वर्षी त्याच्या भिंतीवर यमुनेच्या काठाला रहाट होता. वाडीतल्या रुक्मिणीच्या घरात सासू-सुनेचं भांडण मिटलं, तर गौळणींच्या घोळक्यात दोघी एकाच घागरीला धरून उभ्या. लोक आरतीला आले की भिंत बघून हसायचे, म्हणायचे, यंदा ह्यांच्याकडे असं झालं तर! वर्ष संपलं की ते पुसायचं. नाहीतर पुढचं मांडणार कुठे?

"मग त्या कोपऱ्यात लाल बस आहे, ती?" एका मुलाने विचारलं.

"ती एसटी. हो दीपेश त्या वरसाक मुंबैक नोकरीक गेलो. बापान वृंदावनात एसटी उभी केली."

सगळे हसले. दीपेशही हसला. मी मात्र बोलता बोलताच भिंत परत निरखून बघितली. ती एसटी गेली, बारा वर्षं झाली. दीपेश मुंबईहून परत आला. दादा गेला, मागोमाग वहिनी गेली. दीपेशचं लग्न झालं, मुलगी झाली, गाय विकली, गोठा पडला. यातलं एक म्हणजे एक त्या भिंतीवर नव्हतं. पायाशी अजून तेच वासरू. माझ्या भावाचं मरणसुद्धा या घराने भिंतीवर घेतलं नव्हतं.

त्या बाईने परत विचारलं, "आणि दोन्ही हात डावे काढण्यामागे त्यांचा विचार?"

मी दीपेशकडे बघितलं. त्याने डोळ्यांनीच विनवलं.

"थांबा," म्हटलं, "दाखवतंय."

मागच्या दारी तिसऱ्या खोलीसाठी गड्यांनी चुना भिजवून ठेवला होता. बादली मला उचलवली नसती. डबा भरून घेतला, काथ्याचा कुंचा घेतला आणि पदर खोचून आत आले. वाटेत अनुजा आडवी आली. डबा बघून तिला कळलं. ती बाजूला झाली, एवढंच सांगते.

पहिला फटका मी बरोबर हातांवर मारला.

बासरी गेली. दुसऱ्या फटक्यात अंगठे गेले. दीपेश "आते!" म्हणून ओरडला आणि पाहुण्यांकडे बघून तिथल्या तिथे थांबला. मी थांबले नाही. गुडघा टेकून वासरू पुसलं, एसटी पुसली, माझ्याच हातची वेलबुट्टी पुसली. चुना मनगटावरून कोपरापर्यंत उतरत होता, अंगाची नुसती आग होत होती. आणि मागून काय ऐकू यावं? टाळ्या! सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते, मोबाइल धरून. आणि माझा भाचा, घसा साफ करून, त्यांना सांगत होता, "हीच आपली परंपरा. आज तुम्हाला हा विधी प्रत्यक्ष बघायला मिळाला."

मी वळले. आयुष्यात एवढी चिडले नसेन.

"टाळये कित्याक मारतास? तमासो आसा हो? माझ्या भावाची लाज पुसतंय मी! बारा वरसां तो ह्या भिंतीर लाजेन उभो आसा. चूक झाली ती त्याची. विचार नाय, चंद्र नाय, काय नाय. ताप होतो त्याका, ताप! आणि हेणा, त्याच्या पोटच्या पोरान, काच लावन ती जगाक दाखवली!"

मोबाइल एकेक करून खाली आले. ती बाई म्हणाली, "आजी, आम्हाला माहीत नव्हतं," आणि सगळ्यांना घेऊन अंगणात गेली. शहाणी होती.

दीपेश भिंतीजवळ आला. रागाने बोलेल असं वाटलं होतं. पण तो वर बघत होता. माझा हात पुरत नव्हता म्हणून वरचा भाग तसाच राहिला होता, मुकुट आणि चेहरा.

"आते, त्वांड रवांदे," तो हळूच म्हणाला. "बाबाच्या हातचा आता ह्याच एक आसा माझ्याकडे."

काच कशाला लावली होती ते मला तेव्हा कळलं. पण राग त्यामुळे उतरला नाही, वाढलाच. बापाला जपायचं होतं तर त्याचं काम शिकायचं होतं. कितीतरी श्रावण दादा त्याला हाका मारायचा आणि हा क्रिकेट खेळायला तलावाकडे पळायचा.

"बापाच्या हातचा सगळ्या वाडीच्या भिंतीर होता," मी म्हटलं. "सगळा त्यानाच पुसला, दर वरसाक, स्वतःच्या हातान. ह्या एकच रवला, कारण त्याका येळ मिळाक नाय. ता तुझा काम होता. धर."

कुंचा त्याच्यापुढे केला. तो घेईना. मी हात मागे घेतला नाही. चुना टपटप त्याच्या कोऱ्या लाद्यांवर पडत होता.

शेवटी त्याने घेतला. आधी मुकुट पुसला, मग कडेचं आभाळ. चेहऱ्याभोवती कुंचा फिरवत राहिला, गोल गोल, मध्ये काही येईना.

"मदी मार."

त्याने डोळे मिटून मारला.

"डोळे उघड. आणि वरसून खाली वड, आडवो नको. सुकल्यार रेघो दिसतले आणि उद्या माकाच तेच्यार रंगवचा आसा. आज घरात बस नी माका सांग, बारा वरसांत ह्या घरात काय काय झाला ता. पयल्यापासून."