शिशाचं पारडं

मी एक जुना तराजू आहे, मित्रांनो, आणि माझ्या अंगी क्षमा मुळीच नाही.

फ्रान्समधल्या ला रोशेल बंदरात एका कारागिराने मला पितळेपासून घडवलं. तेव्हा माझी दोन्ही पारडी अगदी समान होती. माझा मालक इसाक ह्यूगनॉट होता, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाचा. त्यापायी कॅथलिक राजाच्या शिपायांनी त्याचं घर लुटलं. मला छातीशी धरून तो जहाजात बसला आणि कॅनडातल्या क्वेबेकला उतरला. मला त्याची फार दया यायची.

पण इथे त्याला झटपट गब्बर व्हायचं होतं. वजनाच्या पारड्याखाली त्याने शिशाचा तुकडा चिकटवला. मूळचे इथले शिकारी बीव्हर या केसाळ पाणप्राण्याची कातडी आणत, आणि ढीगभर कातडी माझ्यावर कमीच भरत. आठ दिवस बर्फ तुडवून आलेल्या एका म्हाताऱ्याशी मी तोंडावर खोटं बोललो. जो स्वतः लुटला गेला, त्याने मला लुटारू केलं! त्या दिवशी मी जो डूख धरला, तो तीनशे वर्षं सोडला नाही.

पुढे मी क्वेबेक प्रांतातल्याच लव्हाल शहरात, इसाकचा वंशज रेमंड याच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात आलो. "आमच्या पूर्वजांनी छळ सोसला, पण धंदा सचोटीने केला," असं तो गिऱ्हाइकांना सांगे. माझा कल दिसू नये म्हणून त्याने दुसऱ्या पारड्याखाली मेण थापलं होतं. याच कहाणीवर तो मला संग्रहालयाला विकणार होता.

दुकानात नाशिकहून शिकायला आलेली गौरांगी पार्ट-टाइम काम करायची. रेमंडने तिला मला चकचकीत करायला सांगितलं. तिने इंडियन ग्रोसरीतून चिंच आणली आणि पारडी गरम पाण्यात भिजवली. मेण वितळलं. मला टांगताच मी एका बाजूला कललो. तिने वाकून पाहिलं, तर शिसं!

रेमंड खवळला. "मेण परत लाव. नाहीतर जॉब लेटर विसर."

तिने घरी फोन लावला. "आई, त्या लेटरशिवाय इथे कायम राहायला पीआरला अप्लाय करता येणार नाही गं."

"मग लाव ना मेण. तुझं काय जातंय?"

गौरांगीने फोन ठेवला, पण मेण लावलं नाही. दुसऱ्या दिवशी संग्रहालयाच्या डोरोथीबाई आल्या.

"रिकामा असून हा झुकतो कसा?"

"जुना झालाय, मादाम," रेमंड म्हणाला.

गौरांगीने पारडं काढलं आणि त्यांच्यापुढे उलटं धरलं. रेमंडचं तोंड पांढरंफटक पडलं. मी मनातून नाचलो!

गौरांगीला त्याच दिवशी कामावरून काढलं. ती आता दूर ग्वेल्फ शहरात नोकरी शोधते आहे. सूड माझा आणि झळ तिला, याची मला लाज वाटते.

डोरोथीबाईंनी मला विकत घेऊन संग्रहालयात शिशासकट काचेत ठेवलं आहे. त्या शिकाऱ्यांचे वंशज येतात, वाकून खाली बघतात. मित्रांनो, मला घासा, पुसा, जपा. पण मला सरळ करू नका.