जांभळी ज्योत आणि बदकाचा आवाज

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराजांनी काठी उचलली आणि तिच्या टोकातून बोटभर जांभळी ज्योत सळसळत बाहेर आली. त्यांनी ती तळहातावर धरली, पण कातडी भाजली नाही.

"ही आग जाळत नाही, लेकरांनो, ही ओळखते! पाप्याला चटका, भक्ताला फुंकर!"

लोक ढसाढसा रडत होते. पहिल्या रांगेत माझी आई मधुमेहाने चिघळलेला पाय पुढे करून बसली होती. ही आमची दुसरी खेप. पहिल्या खेपेला मी भारावून हात जोडले आणि ते पाहून आईने इन्सुलिन सोडलं. "सुई आणि ज्योत एकत्र नांदत नाहीत," असा महाराजांचा आदेशच होता. आता तिचा अंगठा काळा पडू लागला होता.

माझा धंदा ऐका, म्हणजे लाज केवढी ते कळेल. नळीतून जाणाऱ्या गॅसला साध्या हवेच्या दाबात रेडिओ लहरींची वीज दिली की त्याची चमकती ज्योत, म्हणजे प्लाझ्मा, कशी पेटते, याची मी कॉम्प्युटरवर नक्कल करतो. माझ्या पडद्यावर इलेक्ट्रॉन लाल, गॅस हिरवा. रंग मीच निवडलेले. खरी ज्योत जन्मात पाहिली नव्हती. समोर आली तेव्हा ओळखलीच नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा!

"आता ज्योत पोटात घेतो!" महाराजांनी काठीचं टोक ओठांत धरून दीर्घ श्वास ओढला आणि आशीर्वाद दिला. आवाज निघाला बदकाचा.

"बालदेव बोलले!" लोक आडवे झाले.

मी मात्र ताडकन उठलो. फुग्यातला हेलियम ओढला की आवाज असाच चिरका होतो, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. आणि माझं प्रत्येक गणित हेलियमपासूनच सुरू होतं.

व्यासपीठावरच्या पडद्यामागे शिरलो. तिथे सिलिंडर होता, वीजयंत्र होतं आणि काठीत शिरणारी नळी. मी सिलिंडरची चावी बंद केली. ज्योत विझली.

"कुणीतरी नास्तिक आलाय!" महाराज गरजले.

चावी उघडली, ज्योत हजर. बंद केली, गायब. मग मी पडदाच ओढून काढला.

"वीज फक्त इलेक्ट्रॉन तापवते, गॅस थंडच राहतो. म्हणून कुणाचाच हात भाजत नाही," मी म्हणालो आणि चावी उघडून महाराजांच्या काठीची ज्योत स्वतःच्या हातावर घेतली. माझ्याएवढा पापी तिथे दुसरा नव्हता, तरी चटका बसला नाही.

"मग जखम भरत नाही?" एका आजोबांनी विचारलं.

"जंतूंवर तिचा काही उपयोग होतो का, ते प्रयोगशाळांत तपासतायत. पण रक्तातली साखर ती उतरवत नाही, आजोबा."

दवाखान्याच्या वाटेवर आईने पायावरचं फडकं सारखं केलं. मग म्हणाली, "रोज हेच बघतोस ना रे कॉम्प्युटरवर?"

"हो."

"मग हात का जोडलेस? मी कुठे महाराजांवर विश्वास ठेवला? तुझ्यावर ठेवला."

डॉक्टरांनी पाय वाचवला, अंगठा गेला.

म्हणून शिकल्यासवरल्यांना सांगतो, तुमच्या हातांकडे कुणीतरी बघत असतं. ज्योत कशावर जळते, ते आधी विचारा. हात काय, नंतरही जोडता येतात.